चुनखडी, चुनकळी, निवळी: रासायनिक समीकरणांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की रासायनिक समीकरणांमध्ये जे काही अडतंय ते बिनधास्त विचारा, आणि वाटलं होतं दहावीची मुलंच लिहितील, पण आयांची, एका द्राक्ष बागायतदाराची आणि ग्रामपंचायतीत पाणी सोडणाऱ्या एका दादांची पत्रं त्यात जास्त मजेदार निघाली. उत्तरं देताना मी जमेल तिथे एकच पदार्थ धरलाय, चुना. (चुना लावतोय असं म्हणू नका.) कारण दगडापासून भिंतीपर्यंत त्याची चार-पाच रूपं आपल्या ओळखीची आहेत आणि पाठ्यपुस्तकातले बहुतेक शब्द त्याच्यावरच शिकता येतात. फॉर्म्युले बोलतो तसेच देवनागरीत लिहिलेत, म्हणजे खालचा बारीक आकडा अक्षराला चिकटून आणि सूत्राच्या डावीकडचा मोठा आकडा थोडं अंतर ठेवून.

प्रश्न: नमस्कार सर, मुलगा सेमी इंग्लिशला दहावीत आहे. माझं सगळं शिक्षण मराठीतून, त्यामुळे मला अभिकारक, उत्पादित एवढं अंधुक आठवतं, तो रिअ‍ॅक्टंट आणि प्रॉडक्ट म्हणतो, आणि समीकरण समोर आलं की आम्ही दोघं त्याच्याकडे नुसतं बघत बसतो. मुळात ते वाचायचं कसं?
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, तुम्हाला आठवतंय ते बरोबरच आहे. हे बघा:

सीएसीओ३ → सीएओ + सीओ२

बाणाच्या डावीकडे जे आपण घेतलं ते अभिकारक, तेच तुमच्या मुलाचं रिअ‍ॅक्टंट. उजवीकडे जे तयार झालं ते उत्पादित, म्हणजे प्रॉडक्ट. बाण म्हणजे "पासून तयार होतं". अधिकचं चिन्ह मात्र दोन बाजूंना वेगवेगळं वाचायचं, उजवीकडे असेल तर साधं "आणि", पण डावीकडे असेल तर "याची त्याच्याशी अभिक्रिया होऊन", नुसतं दोन डबे शेजारी ठेवले असा अर्थ होत नाही. म्हणजे वरचं समीकरण झालं: कॅल्शियम कार्बोनेटपासून कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. आणि आपल्या भाषेत, चुनखडी भट्टीत घातली की चुनकळी मिळते आणि वायू निघून जातो.

आता बाणाच्या डोक्यावर कधी कधी छोटा त्रिकोण असतो, तो डेल्टा, त्याचा अर्थ एवढाच की तापवायचं आहे. चुनखडीला चांगलंच तापवावं लागतं, साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून तर भट्टी लागते, घरच्या गॅसवर जमत नाही. त्रिकोणाच्या जागी कधी तापमानच लिहिलेलं असतं, कधी उत्प्रेरकाचं नाव. उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट, तो अभिक्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः खर्च होत नाही, म्हणून त्याला डावी-उजवी बाजू न देता बाणावर बसवतात.

पुढे कंसातली अक्षरं. एस म्हणजे स्थायू, एल म्हणजे द्रव, जी म्हणजे वायू आणि एक्यू म्हणजे पाण्यात विरघळलेलं. एल आणि एक्यूमध्ये मुलं हमखास घोळ घालतात कारण दोन्ही डोळ्यांना पातळच दिसतं, पण नुसतं पाणी असेल तर एल आणि मिठाचं पाणी असेल तर त्यातल्या मिठाला एक्यू. काही पुस्तकं वायूसाठी वर जाणारा छोटा बाण काढतात, आणि तळाशी जो साका बसतो, ज्याला पुस्तकात अवक्षेप म्हणतात, त्याच्यासाठी खाली जाणारा.

माझं ऐकाल तर आठवडाभर त्याला समीकरण लिहायला लावूच नका, फक्त मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही मराठीत वाचा, तो इंग्लिशमध्ये वाचेल.

प्रश्न: आमच्या गावात पूर्वी चुन्याची भट्टी होती. आजोबा सांगायचे की जेवढा दगड घालायचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्तच माल निघायचा. समीकरणाच्या दोन्ही बाजू तर सारख्या असतात म्हणतात, मग बाकीचं जातं कुठे?
– एक वाचक, फलटण

उत्तर: आजोबांचा अंदाज एकदम पक्का होता. कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०, कार्बनचं १२, ऑक्सिजनचं १६. चुनखडीत एक कॅल्शियम, एक कार्बन, तीन ऑक्सिजन, म्हणजे ४० अधिक १२ अधिक ४८, झाले बरोबर १००. चुनकळी ४० अधिक १६, म्हणजे ५६. उरलेले ४४ कार्बन डायऑक्साइडचे. शंभर किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर ५६ किलो चुनकळी हातात येते आणि ४४ किलो वायू धुराड्यातून वर जातो. दोन्ही बाजू सारख्याच आहेत, फक्त अर्धी-मुर्धी बाजू हवेत गेली म्हणून आपल्याला तोटा वाटतो.

हे निघून गेलेलं वजन कोणीतरी नीट मोजेपर्यंत बराच काळ गेला बरं का. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ साली छापलेल्या प्रयोगांमध्ये हेच केलं, चुनखडी आणि मॅग्नेशियाच्या क्षारांना तापवून वजन किती घटतं ते बघितलं आणि जो वायू निघाला त्याला "स्थिर हवा" अशा अर्थाचं नाव दिलं, तोच आपला कार्बन डायऑक्साइड. पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडलं की अभिक्रियेच्या आधी आणि नंतर वस्तुमान तेवढंच राहतं, आणि समीकरण संतुलित करायचं, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करायचे, असतं ते याच नियमामुळे, परीक्षकाला बरं वाटावं म्हणून नाही.

जाता जाता, सिमेंटच्या कारखान्यात पण हीच चुनखडी हीच अभिक्रिया करते, म्हणून तिथला कार्बन डायऑक्साइड फक्त जळणाचा नसतो, दगडातला पण असतो. भट्टी उद्या सौर ऊर्जेवर चालवली तरी हा ४४ चा हिस्सा निघणारच.

प्रश्न: सर मी नववीत आहे. समीकरण संतुलित करताना मी एच२ओ चं एच२ओ२ केलं तर दोन्ही बाजूचे ऑक्सिजन पटकन जुळतात. मॅडमनी फुल्ली मारली. आकडा बदलायचाच असतो ना? मग कुठला पण बदलला तर काय झालं?
– एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर: मित्रा, तुझ्या मॅडमनी बरोबर केलं, आणि हाच घोळ निम्म्या वर्गाचा असतो. सूत्रात दोन जातीचे आकडे असतात. खालचा बारीक आकडा सांगतो की एका रेणूत त्या मूलद्रव्याचे किती अणू आहेत, म्हणजे तो पदार्थाची ओळख आहे. डावीकडचा मोठा आकडा, ज्याला सहगुणक म्हणतात, तो सांगतो की असे रेणू किती घेतले. तू ओळखच बदललीस. एच२ओ म्हणजे पाणी, एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला मेडिकलमधून आणतात ते. कार्बनचं तर याहून भयंकर, सीओ२ आपण रोज श्वासातून बाहेर सोडतो आणि सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवला आणि हवा कमी पडली की हाच तयार होऊन माणसं गुदमरतात, त्याला ना रंग ना वास. एका बारीक दोनाचा फरक.

म्हणून फक्त मोठ्या आकड्यांशी खेळायचं. आता घरच्या सिलिंडरमधला गॅस घे, त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन सी३एच८:

सी३एच८ + ओ२ → सीओ२ + एच२ओ

आधी कार्बन बघ. डावीकडे तीन, उजवीकडे एक, म्हणून सीओ२ च्या आधी ३. मग हायड्रोजन, डावीकडे आठ, उजवीकडे दोन, म्हणून पाण्याच्या आधी ४. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, कारण डावीकडे तो एकटा मोकळा बसलाय, त्याला कसंही वाढवता येतं. उजवीकडे मोज, तीन दुणे सहा आणि पाण्यातले चार, दहा झाले, म्हणजे डावीकडे ओ२ च्या आधी ५.

सी३एच८ + ५ ओ२ → ३ सीओ२ + ४ एच२ओ

ब्युटेन, म्हणजे सी४एच१०, तुझा तू कर. त्यात ऑक्सिजनपाशी साडेसहा येईल, घाबरू नको, अख्ख्या समीकरणाला दोनाने गुण, म्हणजे २, १३, ८, १० येतील. आणि उजवीकडचं पाणी खरंच तयार होतं का असं वाटत असेल तर आईला विचारून थंड पाणी भरलेलं पातेलं गॅसवर ठेव आणि लगेच बुडाकडे बघ, बाहेरून ओलसर झालेलं दिसेल.

प्रश्न: यूट्यूबवर हिंदीतून बघतो आणि शाळेत मराठीतून शिकतो. तिकडे अणु म्हणतात ते आणि आमच्या पुस्तकातला अणू जुळत नाही. माझं चुकतंय का?
– एक विद्यार्थिनी, गोंदिया

उत्तर: तुझं काही चुकत नाहीये. हिंदीतला परमाणु तो आपला अणू, आणि हिंदीतला अणु तो आपला रेणू. म्हणून ते परमाणु बम म्हणतात आणि आपण अणुबॉम्ब. व्हिडिओ बघताना एवढं मनातल्या मनात बदलत जा, आणि पेपरात मराठीच लिही.

प्रश्न: सर, आम्ही ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारतो. पोराच्या पुस्तकात मोरचुदाचं सूत्र बघितलं तर सीयूएसओ४, मग एक टिंब, मग ५ एच२ओ. टिंब म्हणजे गुणाकार का? आणि बोर्डो तयार झाल्यावर लोखंडी सळई बुडवून बघायला सांगतात, ते कशासाठी? समीकरणाने चुना किती लागतो ते काढता येईल का?
– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर: दादा, तुमच्या एका पत्रात पोराचा अर्धा धडा आलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टिंब म्हणजे गुणाकार नाही. मोरचुदाचा जो निळा खडा असतो त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू घट्ट बसलेले असतात, त्याला स्फटिकजल म्हणतात, आणि टिंब म्हणजे "याच्या सोबत". वजनं मांडून बघा: तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४, आणि पाच पाणी म्हणजे पाच गुणिले १८, ९०. एकूण २४९.५. त्यातले ९० पाण्याचे, म्हणजे एक किलो मोरचूद विकत घेतलं तर त्यात ३६० ग्रॅम पाणीच आहे, आणि तांबं जेमतेम पाव किलो! शाळेत परीक्षानळीत हा खडा तापवून दाखवतात, पाणी उडतं आणि निळा खडा पांढरा पडतो, वरून पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा. (घरच्या तव्यावर करू नका, मोरचूद विषारी आहे.)

आता बोर्डो. चुनकळी पाण्यात टाकली की आधी ती विरते, फसफसते, बादली गरम होते:

सीएओ + एच२ओ → सीए(ओएच)२

ही उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया, म्हणून उष्मादायी. भट्टीतली उलट उष्णता खाणारी, ती उष्माग्राही. विरलेल्या चुन्यात मोरचुदाचं पाणी मिसळलं की पुस्तकी समीकरण असं:

सीयूएसओ४ + सीए(ओएच)२ → सीयू(ओएच)२ + सीएएसओ४

दोघांनी जोडीदार बदलले, म्हणून हिला दुहेरी विस्थापन म्हणतात. खरं सांगायचं तर ड्रममध्ये याहून गुंतागुंतीचे तांब्याचे क्षार तयार होतात, पण हिशोबाला हे चालतं. तो जो आकाशी रंगाचा साका दिसतो तो तांब्याचा, आणि तो पाण्यात विरघळत नाही, तरंगत राहतो, म्हणूनच फवारताना सारखं ढवळावं लागतं आणि नोझल चोंदतो. पानावर हवं पण तेच, विरघळलेलं तांबं एकदम पानात शिरलं तर पान जाळतं, न विरघळणारा थर मात्र पानावर बसून हळूहळू काम करतो.

सळई त्यासाठीच. चुना कमी पडला असेल तर थोडं मोरचूद तसंच मोकळं विरघळलेलं राहतं, आणि त्यात लोखंड बुडवलं की:

एफई + सीयूएसओ४ → एफईएसओ४ + सीयू

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, ते तांब्याला क्षारातून बाहेर ढकलतं आणि स्वतः त्याच्या जागी बसतं. बाहेर आलेलं तांबं सळईवर तांबूस थर होऊन दिसतं. तांबूस आली, चुना अजून घाला. ही साधी विस्थापन अभिक्रिया, पुस्तकात खिळा आणि परीक्षानळी असते एवढाच काय तो फरक. लोखंडी किंवा पत्र्याच्या ड्रममध्ये बोर्डो बनवू नका असं सांगतात ते पण याचमुळे, तिथे ड्रमच सळई होऊन बसतो. आणि पोराला हे पण सांगा की उलटं होत नाही. तांब्याची तार हिराकसाच्या पाण्यात, म्हणजे एफईएसओ४ मध्ये, बुडवली तर तारेवर लोखंड बसत नाही. कागदावर ते समीकरण लिहिता येतं, संतुलित पण दिसतं, पण घडत नाही. संतुलित असणं वेगळं आणि घडणं वेगळं.

राहिला चुना किती. समीकरणात एकास एक आहे, म्हणजे २४९.५ ग्रॅम मोरचुदाला ५६ ग्रॅम चुनकळी. एक किलोला सुमारे २२५ ग्रॅम. आणि एक टक्का बोर्डोची जुनी शिफारस काय, तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी! चौपटीहून जास्त. मग काय समीकरण खोटं? नाही. समीकरण शुद्ध चुनकळीचा हिशोब करतं आणि आपण आणतो दुकानातली गोणी, तिच्यात खडे, माती, अर्धवट भाजलेला दगड, आणि उघडी राहिली असेल तर हवा खाऊन पुन्हा चुनखडी झालेला चुना, जो या कामाला जवळपास बिनकामाचा. शिवाय थोडा चुना जास्त झालेला परवडतो, मोकळं तांबं राहिलेलं परवडत नाही. म्हणून २२५ हा तळ समजा, त्याच्या वर किती ते तुमच्या चुन्याच्या प्रतीवर, आणि आजकाल बरेच बागायतदार निवळी, म्हणजे विरलेल्या चुन्याचं वरचं स्वच्छ पाणी, थोडी थोडी ओतत पीएच (मिश्रण किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) बघत जातात ते सगळ्यात शहाणपणाचं.

हे मिश्रण ज्या बोर्डो गावावरून ओळखलं जातं तिथे, म्हणजे फ्रान्समध्ये, रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना द्राक्षं नकोशी वाटावीत म्हणून मोरचूद-चुना मारायचे, मिलार्डे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींना डाऊनी लागत नाहीये, आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. चोरांचे आभारच मानायला हवेत.

प्रश्न: आमच्या जुन्या घराला शिंपल्यांच्या चुन्याची सफेदी करायचे. लावल्या दिवशी फिक्कट दिसायची आणि दोन-तीन दिवसांनी पांढरीशुभ्र व्हायची. शिंपल्यांचा चुना वेगळा असतो का?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर: शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, जे चुनखडीत तेच, म्हणून कोकणात आणि गोव्यात दगड लांबून आणण्यापेक्षा शिंपले भाजणं सोपं पडायचं. रसायन अगदी तेच. भिंतीला लावतो तो विरलेला चुना, आणि तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो:

सीए(ओएच)२ + सीओ२ → सीएसीओ३ + एच२ओ

उजवीकडे काय आलं बघा, पुन्हा चुनखडी. भट्टीत जो वायू घालवला तोच हवेतून परत घेऊन चुना भिंतीवर पुन्हा दगड होतो, पातळ थराचा. आकडे पण जुळतात, ७४ अधिक ४४ बरोबर १०० अधिक १८, दोन्हीकडे ११८. हवेत हा वायू फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो म्हणून दोन-तीन दिवस लागतात. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधासारखी पांढरी होते, ते हेच समीकरण, फक्त फुंकरीत वायू हवेपेक्षा कितीतरी जास्त म्हणून लगेच होतं. समीकरण मात्र दोन्हीकडे एकच लिहायचं, त्यात वेळ कुठेच लिहिलेला नसतो.

प्रश्न: सोडियमला एनए आणि लोखंडाला एफई का? एस आणि आय का नाही?
– सहावीतला एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कारण ही अक्षरं लॅटिन नावांवरून घेतलीत, सोडियम नॅट्रियम, लोखंड फेरम, तांबं कुप्रम, म्हणून एनए, एफई, सीयू. अक्षरांची ही पद्धत स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमाराला घातली. तो आकडे खाली नाही, वर लिहायचा. आणि एस, आय ही अक्षरं गंधक आणि आयोडीनने आधीच पटकावलीत.

प्रश्न: बोअरचं पाणी आहे, गिझरच्या कॉइलवर पांढरा दगड जमतो. मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात याचं समीकरण दोन उलटसुलट बाणांनी दिलंय. दोन बाण म्हणजे अर्धं इकडे अर्धं तिकडे का?
– एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नाही ताई, अर्धं-अर्धं नाही. दोन बाण म्हणजे अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालू आहे, पुढे पण आणि मागे पण. दोन्हींचा वेग सारखा झाला की बाहेरून काही बदलताना दिसत नाही, त्याला रासायनिक समतोल म्हणतात, आणि त्या वेळी एका बाजूला ९९ टक्के आणि दुसरीकडे १ टक्का असं पण असू शकतं. हे दुहेरी बाण नेदरलँड्सच्या व्हान्ट हॉफने १८८४ मध्ये वापरात आणले. तुमच्या गिझरचं समीकरण:

सीएसीओ३ + एच२ओ + सीओ२ ⇌ सीए(एचसीओ३)२

जमिनीखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो चुन्याच्या खड्यांना विरघळवतो, उजवीकडचं कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं आणि ते पाण्याबरोबर तुमच्या टाकीत येतं, दिसत नाही. गिझरमध्ये पाणी तापलं की वायू पळून जातो, मग गाडी डावीकडे वळते आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. प्लंबर सायट्रिक अ‍ॅसिडने कॉइल धुतो तेव्हा बुडबुडे येतात ना, तो परत तोच कार्बन डायऑक्साइड.

प्रश्न: मोल ही भानगडच कळत नाही. एवढा मोठा आकडा कशाला?
– अकरावी सायन्स, लातूर

उत्तर: आकडा बाजूला ठेव, आधी गरज बघ. समीकरण सांगतं चुनकळीच्या एका एककाला पाण्याचा एक रेणू. पण मोजून एक रेणू कोण उचलणार, आपल्याकडे तर वजनकाटा आहे. आणि एक ग्रॅम चुनकळीला एक ग्रॅम पाणी घेतलं तर कण सारखे होत नाहीत, कारण पाण्याचा रेणू हलका. म्हणून चुनकळी ५६ ग्रॅम घ्यायची आणि पाणी १८ ग्रॅम, की दोन्हीकडे कण सारखे. जेवढं रेणुवस्तुमान तेवढे ग्रॅम, झाला एक मोल. त्यात कण किती, तर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पूर्वी याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बनवरून करायचे, २० मे २०१९ पासून थेट आकडाच ठरवून टाकलाय. गणितं करताना तुला तो आकडा फार कमी वेळा लागेल, ५६ आणि १८ मात्र सारखे लागतील.

प्रश्न: मी ग्रामपंचायतीत पाणी सोडतो, रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. तिचं सूत्र सीएओसीएल२ आहे असं एका ट्रेनिंगला सांगितलं. त्यावरून क्लोरीन निम्म्याहून जास्त यायला पाहिजे, पण पिशवीवर ३३ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असतं. कोण चुकतंय? आणि टाकी लवकर साफ व्हावी म्हणून काही जण पावडरबरोबर अ‍ॅसिड टाकतात, ते चालतं का?
– एक पाणीपुरवठा कर्मचारी, जिल्हा बीड

उत्तर: दादा, गणित तुमचं बरोबर आहे. कॅल्शियम ४०, ऑक्सिजन १६, दोन क्लोरीन ७१, एकूण १२७, त्यात क्लोरीन ५६ टक्के. पण टीसीएल बनते ती विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडून:

सीए(ओएच)२ + सीएल२ → सीएओसीएल२ + एच२ओ

आणि कारखान्यात सगळाच चुना अभिक्रिया करत नाही, थोडा तसाच राहतो, थोडा ओलावा राहतो, आणि ते सूत्र पण सोयीसाठी लिहिलेलं आहे, खऱ्या पावडरमध्ये दोन-तीन क्षारांचं मिश्रण असतं. म्हणून पिशवीवरचा आकडाच धरायचा, आणि तो पण पिशवी नवी असेपर्यंत. उघडी पिशवी दमट खोलीत पडून राहिली की क्लोरीन उडत जातो, राहतो तो चुना. टाकताना पावडर पांढरीच दिसते, म्हणून रोजची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची) चुकवू नका, पिवळा रंग आला नाही तर पावडर टाकूनही उपयोग झालेला नाही.

अ‍ॅसिडचं मात्र अजिबात नाही (एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड):

सीएओसीएल२ + २ एचसीएल → सीएसीएल२ + एच२ओ + सीएल२ ↑

शेवटचा तो वर जाणारा बाण नीट बघा, तो क्लोरीन वायू आहे. हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, त्यामुळे टाकीत तो वर निघून न जाता तळाशीच साठतो, आणि आत वाकून घासणारा माणूस नेमका तिथेच असतो. टॉयलेट क्लीनरमध्ये पण बहुतेक वेळा हेच अ‍ॅसिड असतं, म्हणून घरी बाथरूममध्ये सुद्धा ब्लीचिंग पावडर आणि क्लीनर एकत्र नको. टाकी पावडरने धुवा किंवा अ‍ॅसिडने, एकाने धुतल्यावर भरपूर पाण्याने खळबळून मगच दुसरं, आणि तिखट वास आला की काम तिथेच टाकून आधी माणूस वर काढा.